खरेदी केलेल्या घरावरील सोलर पॅनेल नेमके कोणाच्या मालकीचे?

नाशिककर
नमस्कार. दोन महिन्यांपूर्वी आम्ही नाशिकमध्ये एक जुने रो हाऊस विकत घेतले. गच्चीवर 540 वॅटची सहा पॅनेल आहेत, जिन्यातल्या भिंतीवर इन्व्हर्टर आहे, आणि घर दाखवताना विक्रेत्यांनी वीजबिल नाममात्र येते हे आवर्जून सांगितले होते. खरेदीखतात मात्र पॅनेलचा शब्दानेही उल्लेख नाही. गेल्या आठवड्यात एका बँकेचे वसुली कर्मचारी दारात आले आणि पॅनेल कर्जावर घेतलेली असून हप्ते थकले आहेत, असे सांगून गेले. विक्रेते म्हणतात, ‘घर दिले तेव्हाच पॅनेलही दिली.’ ती आमची, त्यांची की बँकेची, हे खात्रीने कसे कळेल?

दस्तवाचक
मालकी कोणाची आणि बोजा कोणाचा, हे दोन प्रश्न आधी वेगळे करा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 8 प्रमाणे, दस्तात वेगळे काही ठरलेले नसेल तर घराबरोबर त्याची कुलपे, किल्ल्या, दारे, खिडक्या आणि कायमच्या वापरासाठी असलेल्या इतर वस्तूही खरेदीदाराकडे जातात. गच्चीत बोल्टने पक्की केलेली पॅनेल या शेवटच्या शब्दांत बसतात, असे तुम्हाला म्हणता येईल. परंतु त्याच कलमात विक्रेत्याला जेवढा हक्क देता येत होता तेवढाच जातो, असेही आहे. म्हणून पॅनेल बँकेकडे हायपोथिकेशनने (वस्तू कर्जदाराच्याच ताब्यात ठेवून) तारण असतील, तर केवळ घर विकले गेल्याने तो बोजा उतरत नाही. अशा कर्जाची नोंद मिळकत पत्रिकेवर किंवा इंडेक्स टूमध्ये (नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात) सहसा सापडत नाही. तारणांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय ‘सेरसाई’ नोंदवहीत शुल्क भरून शोध घ्या आणि बँकेकडे कर्ज-कराराची प्रत लेखी मागा. दारात आलेल्या माणसाच्या तोंडी सांगण्यावर काहीही करू नका.

ऊन_वारा
तिसरी शक्यताही तपासा. काही ठिकाणी पॅनेल कंपनीची असतात आणि घरमालक फक्त युनिटचे पैसे देतो; तसे असेल तर विक्रेत्यांकडे देण्यासारखी मालकीच नव्हती. पॅनेल बसवणाऱ्याचे कर-बिल (टॅक्स इन्व्हॉइस) कोणाच्या नावे आहे आणि महावितरणशी झालेला नेट मीटरिंगचा (वापरलेल्या विजेतून पॅनेलची ग्रिडला, म्हणजे वीजजाळ्याला, दिलेली वीज वजा करण्याचा) करार काय सांगतो, ही दोन कागदपत्रे विक्रेत्यांकडून मिळवाच. प्रत्येक पॅनेलच्या मागच्या बाजूला अनुक्रमांकाचे स्टिकर असते. सकाळी पॅनेल तापण्याआधी खाली वाकून त्यांचे फोटो काढा आणि बिलावरील क्रमांकांशी एकेक ताडून पाहा.

वीजजोडणी आणि नेट मीटरिंग, दोन्ही आपल्या नावावर करून घेण्यास उशीर करू नका, कारण ग्रिडमध्ये गेलेल्या जास्तीच्या युनिटांचा वार्षिक हिशेब मार्चअखेर होतो आणि तो ग्राहक म्हणून ज्याचे नाव आहे त्याच्या खात्यावर होतो.

साताऱ्याहून
आमच्या बाबतीत हेच घडले होते. कर्जाची शिल्लक रक्कम विक्रेत्यांच्या हाती न देता, त्यांच्या संमतीने थेट कर्जखात्यात भरली, बँकेकडून ना हरकत दाखला घेतला आणि पॅनेल, इन्व्हर्टर व वॉरंटी आमच्याकडे आल्याचे विक्रेत्यांकडून लिहून घेतले. ती रक्कम त्यांच्याकडून वसूल करण्याचा हक्क राखून ठेवल्याचेही त्याच कागदावर आले पाहिजे; आम्ही ते लिहून घेतले नाही आणि पुढे फार मनस्ताप झाला.

नाशिककर
सर्वांचे मनापासून आभार. कर-बिल मिळाले, ते विक्रेत्यांच्याच नावे आहे, म्हणजे कंपनीच्या मालकीची शक्यता उरली नाही. आज सकाळी टॉर्च घेऊन क्रमांक ताडले. पाच जुळले. सहाव्या पॅनेलचा क्रमांक वेगळा आहे. ते कधी बदलले याची पावती विक्रेत्यांकडे मागितली आहे, आणि सोमवारी त्यांना सोबत घेऊनच बँकेत जाणार आहोत.