बातमी दिल्लीची, कपाशी आपली: उमेद धरायची ती कशाच्या आधारावर?

बोरीकाठ (पारोळा)

केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क माफ केले, तेव्हा आमच्याकडे कपाशी पाते-फुलांवर होती. सुरुवातीला ३० सप्टेंबरपर्यंत असलेली ही सवलत लगेच ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली आणि आपला माल घरात येण्याचा सगळा काळ नेमका तिच्यात सापडला. पाठोपाठ सप्टेंबरची अतिवृष्टी झाली. बारा टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला कापूस सीसीआय, म्हणजे हमीभावाने खरेदी करणारे केंद्राचे भारतीय कापूस महामंडळ, घेत नाही, त्यामुळे लांब धाग्याला ८,११० रुपयांचा हमीभाव कागदावर असूनही ज्याला पैशाची निकड होती त्याने गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याच्या काट्यावर मिळेल त्या भावात माल घातला. ही प्रत्येक बातमी मोबाइलवर आधी येते आणि तिचा फटका नंतर बसतो. मधल्या काळात पारावर "आते काय करानं, भो?" यापलीकडे बोलणे जात नाही.

इथे ही चर्चा सुरू करण्याचे कारण असे, की "आधी उमेद धरा, मग कामाला लागा" असे सांगणारी व्याख्याने आमच्या तालुक्यात उदंड होतात आणि त्यांतला क्रमच उलटा आहे, असे माझे मत आहे. गुलाबी बोंडअळीचे पाहा. बोंडअळीला मारणारे जनुक घातलेली बीटी कपाशी २००२ मध्ये आली, तशी दोन जनुके असलेले वाण २००६ मध्ये आले, आणि २०१७ मध्ये त्याच वाणांच्या बोंडांत अळ्या निघाल्याने राज्यभर हाहाकार झाला. ही अळी एकट्याच्या फवारणीने आवरत नाही, कारण मी कितीही औषध मारले तरी शेजाऱ्याने फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी न उपटता जास्तीच्या वेचणीसाठी उभी ठेवली, की पुढच्या हंगामाचे पतंग तिथेच तयार होतात. एका शेतकऱ्याने हात टेकावेत असाच हा प्रश्न आहे. मात्र ही अळी जवळपास कपाशीवरच जगते, त्यामुळे सगळ्या शिवाराने डिसेंबरअखेर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडे, उपटली आणि कृषी विभाग सांगतो त्याप्रमाणे १ जूनच्या आधी कोणीच लागवड केली नाही, तर मधल्या महिन्यांत तिला खायलाच काही उरत नाही.

आमच्या शिवारातल्या काही शेतशेजाऱ्यांनी एवढेच ठरवले आणि जोडीला हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे, लावले. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा अधिक पतंग आले, तरच फवारणी करायची. फुलांत डोमकळी दिसली, म्हणजे पाकळ्या आतून गुंडाळल्या जाऊन फूल मिटलेल्या गुलाबासारखे राहिले, की ते तोडून नष्ट करायचे. अळी संपली, असे मी म्हणणार नाही. फवारण्या मात्र कमी झाल्या आणि माणसे सकाळी एकमेकांना बाजारभावाऐवजी सापळ्याचा आकडा विचारू लागली. उमेद होती म्हणून आम्ही काम केले नाही. काम सुरू झाल्यावर ती थोडीफार आली. मोठ्या बातमीतला आपल्या शिवारात उतरणारा तुकडा उचलावा आणि बाकीचे ओझे डोक्यावर घेऊ नये, असे माझे म्हणणे आहे. इतरांचे मत वाचायला आवडेल.

अमळनेरकर

भाऊ, सापळ्यांबद्दल मतभेद नाही. आपण त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र मला घातक वाटतो. आयातशुल्काची बातमी आपणच सुरुवातीला दिलीत आणि पुढच्या परिच्छेदात अळीकडे वळलात, कारण अळीवर उपाय आहे आणि शुल्कावर आपल्या शिवारात उपाय नाही. जो प्रश्न हाती लागत नाही तो बाजूला ठेवून हाती लागणाऱ्या प्रश्नावर समाधान मानणे, याला मी उमेद म्हणणार नाही.

हे शुल्क उठले कसे, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के कर लावला, कापड उद्योग अडचणीत आला आणि कच्चा माल स्वस्त मिळावा ही त्या उद्योगाची जुनीच मागणी मान्य झाली. गिरणीमालकांच्या संघटनांनी आपापल्या मागाकडे लक्ष द्यावे, दिल्लीचे ओझे डोक्यावर घेऊ नये, असे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यांनाही बातमी निराशाजनकच होती, पण ती हाती घेऊन ते मंत्रालयाच्या दारात गेले. आपल्या बांधापुरते पाहण्याचा उपदेश एकट्या शेतकऱ्याच्याच वाट्याला का येतो? खानदेशात कर्जाखाली दबून ज्यांनी जीव दिला त्यांच्या घरी जाऊन मनोबल वाढवण्याच्या गोष्टी सांगणारे मी पाहिले आहेत. कर्जाच्या आकड्यावर बोलणारे त्यांत फार थोडे होते.

तापीचा शेजार (रावेर)

केळीवाल्याचे दोन शब्द. आमच्या पिकाला हमीभावच नाही, त्यामुळे तो हुकल्याचे दुःखही नाही. केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) विषाणू आला की त्यावर औषध नसते. रोगट झाड मुळासकट उपटून गाडायचे, मावा आटोक्यात ठेवायचा आणि बागेच्या आसपास काकडीवर्गीय पिके घ्यायची नाहीत. हे शेजाऱ्यानेही केले तरच उपयोग होतो, म्हणून पारोळ्याच्या भाऊंचे म्हणणे मला पटते. मात्र मे-जूनच्या वादळात घडासकट बाग आडवी झाली, तर तिथे शेजारधर्म कामाला येत नाही. तिथे हवामान आधारित फळपीक विमा आणि वाऱ्याच्या वेगाची अधिकृत नोंद लागते. शासन आदेश काढून वाचणारा एक माणूस गावात असेल, तर तो त्या दिवशी दहा व्याख्यात्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट, विषयाच्या काठावरची असली तरी सांगतो. हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर त्याने आमचा वाद सोडून द्यावा आणि आधी टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीतून बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

सातपुड्यातील शिक्षिका (धडगाव)

वरच्या सगळ्यांनी वाईट बातम्या फार येतात असे गृहीत धरले आहे. आमच्या डोंगरातली अडचण याच्या नेमकी उलटी आहे. इथली वाईट बातमी खाली पोहोचतच नाही. पाड्यावर मूल दगावते तेव्हा ते कुपोषणाने गेले की तापाने, हे कोणत्या रकान्यात लिहिले जाते, यावर तो मृत्यू बातमी होणार की नाही हे ठरते. वजनाच्या नोंदी नीट ठेवणारी अंगणवाडी सेविका जिल्ह्याचा आकडा खराब करते, म्हणून तिच्यावरच नाराजी ओढवते. निराश करणाऱ्या बातमीला कंटाळलेल्या वाचकांनी एवढे लक्षात घ्यावे, की ती बातमी बाहेर येणे हाच काही लोकांसाठी सुटकेचा पहिला मार्ग असतो. सरदार सरोवराच्या बुडितात जाणाऱ्या गावांत सरकारी शाळा कागदावरच चालत होत्या, ही गोष्ट नर्मदा आंदोलनाने उघड्यावर मांडली आणि त्याच अस्वस्थतेतून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आंदोलनाच्या स्वतःच्या शाळा, म्हणजे जीवनशाळा, उभ्या राहिल्या.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्याचे आहे. २०२० मध्ये करोनाची पहिली लाट ओसरू लागली, तेव्हा सगळीकडे सुटकेचा निःश्वास टाकला जात होता. त्या वेळचे नंदुरबारचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड, जे स्वतः साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल कुटुंबातले आहेत, त्यांनी मात्र अमेरिका आणि ब्राझीलमधून येणाऱ्या पुढच्या लाटेच्या बातम्या गांभीर्याने घेतल्या आणि हवेतून प्राणवायू तयार करणारे प्रकल्प जिल्ह्यात बसवण्याचे काम थांबवले नाही. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठ्या शहरांत प्राणवायूसाठी रुग्णांचे नातेवाईक वणवण फिरत होते, तेव्हा ज्या जिल्ह्याचे नाव एरवी कुपोषणाच्या बातमीतच येते तिथे तो उपलब्ध होता. आपल्या शिवारात उतरणारा तुकडा तेवढाच उचलावा, हा नियम तेव्हा पाळला असता तर ब्राझीलची बातमी वाचण्याचे कारणच नव्हते.

अमळनेरकर

ताई, हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. जिल्हाधिकाऱ्याच्या हाती निधी आणि सही असते, म्हणून वाईट बातमीचे त्याच्याकडे नियोजन होते. तीच बातमी ज्याच्या हाती काही नाही त्याच्याकडे गेली, की तिची नुसती धास्ती उरते. म्हणजे मुद्दा मनाचा नसून अधिकाराचा आहे.

भूजल-वाचक (शिरपूर)

आशादायक बातमीबद्दल कोणीच तक्रार केली नाही, म्हणून मी करतो. आमच्या तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करून साखळी बंधारे बांधले गेले, आटलेल्या विहिरींना पाणी आले आणि 'शिरपूर पॅटर्न' राज्यभर गाजला. काम खरे आहे आणि मी त्याचा लाभार्थी आहे. पण बातमी पसरली ती नाला खोल केला की पाणी येते, एवढ्याच मजकुराची. तापीच्या काठची जाड गाळाची जमीन आणि इतरत्र असलेला काळा कातळ यांत पाणी सारखे मुरत नाही, त्यामुळे भूस्तर पाहिल्याशिवाय ही पद्धत कुठेही उचलून नेऊ नये, असा इशारा जाणकारांनी तेव्हाच दिला होता. हा भाग बातमीत सहसा नसतो. पोकलेन आणून नाला खोदला आणि उन्हाळ्यात तो कोरडाच राहिला, तर त्या गावाची निराशा आधीच्या दुष्काळापेक्षा वाईट असते, कारण आता तिथले लोक पुढच्या कोणत्याही उपायावर विश्वास ठेवत नाहीत.

साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने राखलेल्या जंगलाची गोष्टही अशीच कापून सांगितली जाते. त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा उजाड डोंगर आणि हिरवा डोंगर अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी फिरली. त्या दोन छायाचित्रांच्या मधे तीस वर्षांहून जास्त काळ आहे. झाड तोडणाऱ्याला दंड करायचा, तो आपलाच भाऊबंद असला तरी वसूल करायचा, जंगलाची राखण करणाऱ्याला गावाने मोबदला द्यायचा आणि हे वर्षानुवर्षे चालवायचे, ही गोष्ट छायाचित्रात दिसत नाही. मला आशादायक बातमीत काळ आणि भांडणे दोन्ही लिहिलेली हवी आहेत. त्याशिवाय ती वाचून उठलेला माणूस पहिल्याच पावसाळ्यात थकतो.

बोरीकाठ (पारोळा)

शिरपूरच्या भाऊंचे म्हणणे मी माझ्या सापळ्यांनाही लावतो. आमच्या गटातही एकाने फरदड ठेवलीच. त्याला जनावरांच्या चाऱ्याची अडचण होती आणि हाती येणाऱ्या दोन-चार क्विंटलवर पाणी सोडणे त्याला परवडणारे नव्हते. त्यावरून बोलाचाली झाली, दोन घरांचा अबोला अजून आहे. हे लिहायला हवे होते असे कोणी म्हणेल, तर घ्या, लिहिले.

अमळनेरच्या दादांना मात्र माझे उत्तर आहे. गिरणीमालक दिल्लीला जाऊ शकले, कारण ते आधीपासून एकत्र बसतात. त्यांचे दर, त्यांचे साठे, त्यांचे येणे-देणे रोज एकमेकांशी जोडलेले असते आणि त्या बैठकीचाच एक दिवस शिष्टमंडळ होतो. आमच्याकडे गाव एकत्र येते ते दहाव्याला, लग्नाला आणि निवडणुकीला. एरवी वीस-पंचवीस कपाशीवाले एका विषयावर नियमाने बसतात आणि एकमेकांचा हिशेब विचारतात, असे माझ्या पाहण्यात फक्त सापळ्यांमुळे घडले. अधिकार नाही म्हणून धास्ती आहे, हे दादांचे निदान मला मान्य आहे. पण ज्या गावाला एकाच आठवड्यात पऱ्हाटी उपटण्याचे जमत नाही, ते गाव आयातशुल्कावर एका आवाजात बोलेल हे मला खरे वाटत नाही. आणि ताई, ब्राझीलची बातमी वाचूच नये असे मी म्हटलेले नाही. वाचल्यावर ती कोणाकडे घेऊन जायची याचा पत्ता माहीत असावा, एवढे नक्की म्हणेन. आमच्याकडे असा पत्ता अजून कृषी सहायकापलीकडे गेलेला नाही.

अमळनेरकर

तो पत्ता पुढे न्यायचा असेल तर मी गटात यायला तयार आहे. माझीही पाच बिघे बागायती कपाशी आपल्याच रस्त्याला आहे. मात्र एक अट आहे. येत्या ग्रामसभेत फरदडबंदीचा ठराव मांडला जाईल तेव्हा त्याच्याच खाली दुसरा ठराव घ्यावा, की वेचणीच्या काळात आयातशुल्क माफ करू नये आणि ओलाव्याच्या निकषात अतिवृष्टीच्या वर्षी सवलत द्यावी. आणि त्याची प्रत आमदार, खासदार व वस्त्रोद्योग मंत्रालय या तिघांकडे जावी. चाऱ्याची अडचण असलेल्या त्या शेतकऱ्यालाही बैठकीला बोलवावे, कारण त्याच्या दोन-चार क्विंटलची भरपाई कोणी द्यायची हा प्रश्न दोन्ही ठरावांच्या मधे उभा आहे. दुसरा ठराव "हे आपल्या शिवारातले नाही" म्हणून वगळणार असाल, तर सापळे मी माझ्या शेतात लावीन, पण बैठकीला येणार नाही.