टॅपेट वाजले की कसायचे? कोण शिकवतं हे?

फीलरवाला: काल इथे एकाने ठोकून दिलं, "टॅपेट वाजायला लागले की कसून घ्या, जुनी गाडी शिलाई मशीनसारखी चालते." मीही एकदा तेच केलं, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा हात) आणि व्हॉल्व्ह यांच्यातली गॅप टॅपेटच्या स्क्रूने पार घालवली. इंजिन गप्प झालं खरं, पण चार महिन्यांत किक पोकळ लागायला लागली आणि गरम झाली की गाडी आयडलिंग धरेना. हेड उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड चंद्रकोरीसारखी उडालेली. गॅपच नसेल तर व्हॉल्व्ह सीटवर टेकणार कसा? आणि टेकला नाही तर त्याची उष्णता जाणार कुठे?

जुनंखोड: ते मीच लिहिलं होतं. २२ वर्षं कानाने सेट करतोय, एक व्हॉल्व्ह जळलेला नाही. गॅप मोजायला फीलर गेजच्या पत्त्या घालत बसायची हौस नवशिक्यांची.

फीलरवाला: कानाला वाढलेली गॅप कळते, कमी झालेली नाही, तेव्हा आवाजच नसतो! सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकला की गॅप आपोआप खाल्ली जाते.

अर्धाक्लच: आमच्या आरएक्स १००ला टॅपेटच नाहीत. चालू द्या.

जुनंखोड: टू-स्ट्रोकवाल्यांनी धूर सांभाळावा. गॅप गॅप करताय, कास्ट आयर्न बुलेटला किती ठेवता? शून्य! पुशरॉड (खालून रॉकर ढकलणारी दांडी) दोन बोटांत फिरला, वरखाली हलला नाही, की झालं. कुठे घालता पत्ती?

फीलरवाला: बुलेट कुठून आली मध्येच? विषय टॅपेट कसण्याचा आहे. बुलेटचाही पुशरॉड मोकळा फिरायलाच हवा ना?

जुनंखोड: बुलेट कुणी उघडलीय का आयुष्यात, की नुसतं वाचलंय?

फीलरवाला: दोनदा. तुमच्यासारख्याने कसून दिली होती म्हणूनच.

टीखूण: भांडा, पण थंड इंजिनवर. टी खूण (पिस्टन अगदी वर आल्याची खूण) एका चक्रात, म्हणजे इंजिनच्या दोन फेऱ्यांत, दोनदा येते. खूण ओलांडताना रॉकर हलले तर अजून एक फेरा फिरवा. आणि फीलरवाले, रॉकरच्या टोकाला खड्डा पडला असेल तर पत्ती खड्ड्यावर आडवी बसते. गेज ०.०८ मिमी सांगतं, खरी गॅप त्याहून जास्त.

जुनंखोड: ऐका! गेजही थापा मारतं.

फीलरवाला: मान्य. मग रॉकर बदला, टॅपेट कसून लॉकनट पिळू नका.

जुनंखोड: बरं बाबा. उद्या सकाळी किक मारायच्या आधी घालून बघतो तुमची ती पत्ती. शिरली तर फोटो टाकेन. नाही शिरली तर कुणी विचारायचं नाही.