विषय: डब्यात काय नेता? (घोळाणा, भरीत-ब्रेड वगैरे)

मंडळी नमस्कार,

सध्या अमळनेरला आहे, मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून सहा आठवड्यांची सुट्टी टाकून परदेशातून आलोय. काल ती पलंगावर बसल्या बसल्या विचारते, "तठे दुपारले काय खास रे तू?" मी म्हणलं सॅलड. म्हणे त्याच्यासोबत काय? म्हणलं नुसतंच. दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणे, "नुसता पाला? बकरी शे का तू?"

आज ताटात मेथीचा घोळाणा आला. मी विसरूनच गेलो होतो हा प्रकार! कोवळी कच्ची मेथी, कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं जाडंभरडं कूट, मीठ आणि वरून घाण्याचं कच्चं तेल, सगळं हातानं घोळायचं, बस. सोबत दादरची, म्हणजे ज्वारीची, भाकरी. मायनं मेथी फक्त खुडली, सुरी लावली नाही, म्हणे चिरली की पाणी सुटतं आणि कडू लागते. म्हणजे मी तिकडे डबाबंद पालापाचोळा विकत घेऊन त्याच्यावर बाटलीतलं आंबट पाणी ओतून खातो आणि घरचं सॅलड माहीत असून पंधरा वर्षांत एकदा केलं नाही.

तर मुद्दा असा की आपल्या पॉटलकला दर वेळी पनीर, छोले आणि कुठून तरी मागवलेला पुलाव असतो. माझी पण त्यात चूक आहे, मागच्या वेळी पनीर मीच आणलं होतं. पण रोज खरं काय खाता, डब्यात काय नेता, ते लिहा ना इथे. फोटो नको, रेसिपी पण नको, नुसतं सांगा.

— अमळनेरकर (सध्या खरोखरच अमळनेरला)

---

दादा, मायची तब्येत कशी आहे ते लिहिलंच नाहीत की! नमस्कार सांगा.

घोळाणा मी इथे आठवड्यातून दोनदा करते पण मेथीचा नाही, केलचा. (केल म्हणजे इथली पालेभाजी, केळ नव्हे, रावेर-यावलवाल्यांनी उड्या मारू नयेत.) मेथी इथे मिळते ती जून असते आणि जुडीला जे पैसे मागतात त्यात गावाकडे टोपलंभर येईल. केलचं पान मात्र चामड्यासारखं असतं म्हणून मधला दांडा काढून टाकायचा, पान फाडायचं आणि आधी मीठ आणि तेल लावून दोन-तीन मिनिटं चांगलं चोळायचं, कणीक मळतो तसं, की ते निम्मं होतं आणि दाताला लागत नाही. मग कांदा, मिरची, लिंबू आणि कूट. कूट अगदी शेवटी, खाताना. सकाळी घातलं की दुपारपर्यंत त्याचा लगदा होतो. उलट काकडीच्या कोशिंबिरीत मी कूट मुद्दाम आधी घालते कारण काकडीला पाणी सुटतंच आणि ते कूट पिऊन घेतं, डबा गळत नाही.

मुळ्याचा पाला कोणी फेकत असेल तर फेकू नका, तो पण चालतो. ऑफिसात एकीनं चव घेतली आणि विचारलं ड्रेसिंग कुठलं, आता तिला घोळाणा कसं समजावू, पीनट सॅलड म्हणून मोकळी झाले.

— पारोळ्याची वहिनी

---

> डब्यात काय नेता, ते लिहा ना

काय भो, दुखऱ्या जागी हात ठेवला. मी धुळ्याचा, मला हिवाळ्यात भरीत लागतं म्हणजे लागतंच. तिकडे डिसेंबर-जानेवारीत शेतात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, इथे अपार्टमेंटमध्ये गॅस पण नाही, इलेक्ट्रिक शेगडी. ओव्हनच्या वरच्या कॉइलखाली भाजली तर स्मोक अलार्म वाजला आणि वरच्या मजल्यावरची आजी खाली आली. असो. भरीत झालं बरं. दुसऱ्या दिवशी भाकरीचा कंटाळा केला, ब्रेडमध्ये भरून नेलं, तर दुपारी डबा उघडतो तो ब्रेड ओला गच्च, उचलला तर खालची बाजू डब्यातच राहिली. चमच्यानं खाल्लं. शेजारच्याला वाटलं मी खिमट आणलंय.

कोणी भरीत सँडविच करतं का आणि ते सुकं कसं ठेवतात? माझी ती मोठी जांभळी वांगी, मिक्सरला फिरवलेली.

— धुळेकर

---

धुळेकर भाऊ,

मी भुसावळची, मुलाकडे आले आहे, त्याच्याच मेलवरून लिहिते आहे. चुका समजून घ्या.

मिक्सरला फिरवलं तिथेच सगळं गेलं. भरीत ठेचायचं असतं, वाटायचं नसतं. आपल्याकडे लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचतात ते उगाच नाही, त्यानं रेषा राहतात. मिक्सरमध्ये त्याची पेस्ट होते आणि सगळं पाणी बाहेर येतं. दुसरं म्हणजे वांगं. जांभळ्या वांग्यात बिया फार. आपलं भरताचं वांगं हिरवट पांढरं, बी कमी, गर जास्त, बामणोदचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, केळीला पण त्याच वर्षी. ते इथे नाही मिळणार, मग निदान वांगी घेताना हातात धरून हलकं बघा, जड वांग्यात बी आणि पाणी जास्त.

भाजून झालं की साल काढून चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा. सोबत मिरच्या पण भाजा, लसूण घालून ठेचा. फोडणीत शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात भरपूर. पात तुमच्याकडे बाराही महिने मिळते, हे एक बरं आहे.

सँडविचला सुनेनं युक्ती काढली ती सांगते. ब्रेड दोन्हीकडून भाजायचा, पूर्ण गार होऊ द्यायचा, गरम असताना एकावर एक ठेवला तर वाफेनंच ओला होतो. मग आतून तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी कडेपर्यंत लावायची. तेल असल्यामुळे पाणी ब्रेडपर्यंत जात नाही, मुंबईचे सँडविचवाले लोणी लावतात तसंच. मग भरीत, गार झालेलं, आणि वर कच्ची पात. मला आधी ते बघवलं नाही. भरीत म्हणजे कळण्याची भाकरी किंवा पुरी, त्याला ब्रेड कसला. पण खाल्ल्यावर गप्प बसले.

आणि भाकरीचा कंटाळा करता तर कळणा करून ठेवा ना. ज्वारी आणि सालासकट उडीद, आमच्याकडे चाराला एक, त्यात मीठ घालून दळायचं. नुसत्या ज्वारीची भाकरी गार झाली की कडक होते, उडदाच्या चिकटपणामुळे कळण्याची डब्यात नरम राहते. इथल्या दुकानात ज्वारीचं पीठ ग्लूटेन फ्री म्हणून वेगळ्या फळीवर ठेवलं होतं. भाव वाचून मी मुलाला म्हटलं, गावाला असतं तर एवढ्यात पोतं आलं असतं.

— भुसावळच्या काकू

---

काकू __/\__

मी नवीन आहे लिस्टवर, स्टुडंट, स्वयंपाक येत नाही. मी चोपड्याचा. कच्ची केळी उकडून कुस्करून ठेचा आणि मीठ घालून टिक्की करतो, बटाट्यापेक्षा सुकी राहते आणि बनमध्ये बसते. वरून शेव. शेवभाजीची शेव संपली की नुसता बन. एवढंच येतं.

---

चोपडेकर, एवढंच येतं म्हणू नको, शेव संपू देऊ नको फक्त. ती तिखट जाड शेव ना? आमच्याकडे आहे, शनिवारी ये.

— पारोळ्याची वहिनी

---

मंडळी,

माय बरी आहे, काठी घेऊन अंगणापर्यंत जाते आणि काठीनंच मला कामं दाखवते. काकूंचा मेल तिला वाचून दाखवला तर म्हणे, "बाई बराबर सांगस." चाळणीत निथळायचं मात्र तिला पटलं नाही, म्हणे सगळी चव त्या पाण्यातच जाते. तर काकू, तुम्ही आणि माय फोनवर बघून घ्या, मी मधे पडत नाही.

उद्या गिरणीत जातोय कळणा दळायला. बॅगा दोन, 23 किलोच्या. त्यातले नऊ किलो मायनं आधीच बिबडे (ज्वारीचे पापड), चटण्या आणि शेवेला धरलेत, आणि बिबडे मोडायचे नाहीत म्हणून भोवती सगळ्या बनियन. बाकी जागेत कळणा. कोणाला किती पाहिजे ते आज रात्रीपर्यंत सांगा, माणशी एक किलो, चोपडेकरला दोन. धुळेकर, तुला मिक्सर देऊन टाकल्याशिवाय नाही.

— अमळनेरकर