गोगँने काढलेला व्हिन्सेंट: मैत्री की सूड?

पेन्सिलतासे: कालच्या 'असा मित्र वैऱ्यालाही मिळू नये' या पोस्टने डोकं उठलंय, म्हणून सविस्तर लिहितो. लेखकमहाशय म्हणतात, व्हिन्सेंट व्हॅन गॉग सूर्यफुलं रंगवतोय असं जे चित्र त्याचा चित्रकार मित्र पॉल गोगँने 1888 मध्ये काढलं, त्यात त्याने व्हिन्सेंटला मुद्दाम वेडसर दाखवलं. पुरावा काय, तर चित्र बघून व्हिन्सेंट म्हणाला, "हा मीच, पण वेडा झालेला." अहो, पण हे सांगतंय कोण? खुद्द गोगँ! तेही 1903 च्या आठवणींमध्ये, म्हणजे व्हिन्सेंट 1890 मध्ये गेल्यावर इतक्या वर्षांनी. व्हिन्सेंटने मात्र सप्टेंबर 1889 मध्ये भाऊ थिओला लिहिलं की तो मीच होतो, तेव्हा अतिशय थकलेला आणि अंगात वीज भरल्यासारखा. ज्याचं चित्र त्याची तक्रार नाही, तुम्ही कशाला वकीलपत्र घेताय?

उन्हाळी: काल मीच लिहिलं होतं. चित्र नीट बघा. वरून खाली बघितल्यासारखं काढलंय, कपाळ दाबलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, हातात काडीएवढा ब्रश. आणि दोघे फ्रान्समधल्या ज्या आर्ल गावात एकत्र राहत होते, तिथे डिसेंबरात सूर्यफुलं कुठून आली? समोर नव्हतीच. म्हणजे गोगँच्या मनात होतं तेच उतरलं.

पेन्सिलतासे: मनाने रंगव, हाच तर त्याचा व्हिन्सेंटला धोशा होता! भांडणाचं एक मूळ तेच. आणि व्हिन्सेंटची ऑगस्टमधली सूर्यफुलं गोगँला इतकी आवडली होती की व्हिन्सेंटने स्वतःचा कान कापल्याच्या प्रकारानंतरही, जानेवारीत, त्यातलं एक चित्र त्याने मागितलं.

उन्हाळी: मागायला काय जातंय? फुकट खायची सवयच होती.

माजघर: फुकटचा विषय निघालाच आहे तर थिओबद्दल बोला की कुणीतरी. व्हिन्सेंटला तो पोसतच होता, वर गोगँला महिन्याला 150 फ्रँक. नोकरी करून दोन कलावंत सांभाळले, आणि कौतुक कुणाचं? आमच्या मोठ्या दिरांना नाटकाचं वेड. कपडेपट भाड्याने आणायचे ते, बिल भरायचे आमचे हे. सत्काराला शाल दिरांना, आम्ही तिसऱ्या रांगेत.

पेन्सिलतासे: ताई, ते दान नव्हतं. 150 च्या बदल्यात महिन्याला एक चित्र ठरलं होतं. थिओ चित्रांच्याच व्यापारात होता.

माजघर: व्यापार म्हणे! व्हिन्सेंटची किती विकली त्याने? तुम्हालाही कुणीतरी पोसलेलं दिसतंय, म्हणून झोंबलं.

पेन्सिलतासे: हो, पोसलं. बहिणीने. रंगांचे पैसे ती द्यायची, स्वतः जुन्याच चपलांवर वर्ष काढायची. आता झालं समाधान?

माजघर: मग तिचं चित्र काढलंत का कधी?

पेन्सिलतासे: काढलं होतं. नाक मोठं आलंय म्हणून रुसली. तरी हॉलमध्ये लावलंय.

उन्हाळी: घ्या! मूळ मुद्दा गेला बोंबलत. ठीक आहे, 'वेडा' वाल्या वाक्यावर मी भिस्त ठेवायला नको होती, एवढं तुमचं मान्य. बाकी गोगँ सज्जन होता हे तुम्हीच तुमच्या बहिणीला पटवा.

माजघर: आणि थिओचं?