कानात बिल्ला नाही तर बाजारात प्रवेश नाही: रोग थांबतो की फक्त कागद वाढतो?

दावण_आणि_दाखला (धागाकर्ता)

1 जून 2024 पासून महाराष्ट्रात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजार आवारात खरेदी-विक्री करता येत नाही. नियम चांगलाच आहे, पण फाटकावर तपासतात काय? बारा आकडी नंबर आहे की नाही, एवढंच. त्या नंबरामागची लसीकरणाची तारीख कुणी उघडून बघत नाही, आणि माझ्या मते सगळा खेळ त्या तारखेचा आहे.

लाळ्या-खुरकूत म्हणजे तोंडात आणि खुरांत फोड आणणारा साथीचा रोग. त्याचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत 2 ते 14 दिवस जातात. तोंडात फोड दिसण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून दुधातून आणि श्वासातून विषाणू बाहेर पडत असतो. म्हणजे फाटकावर जनावर तरतरीत, रवंथ करतंय, आणि रोग वाटतंय. शुक्रवारी घोडेगाव, शनिवारी काष्टी, रविवारी सांगोला असा एकच पिकअप न विकलेला माल घेऊन फिरला तर तीन दिवसांत तीन जिल्ह्यांना पुरेल एवढा रोग पोचतो.

दुसरी गोम वासरांची. पहिली टोचणी चौथ्या महिन्यात, बूस्टर एक महिन्याने, मग दर सहा महिन्यांनी. बूस्टर चुकलेली कालवड नोंदीत ‘लसीकृत’ दिसते, पण तिची प्रतिकारशक्ती टिकत नाही. म्हणून माझी मागणी अशी की प्रवेश पावतीवर शेवटच्या मात्रेची तारीख छापा. 21 दिवसांच्या आतली (लस अजून लागू पडलेली नसते) किंवा सहा महिन्यांपूर्वीची (तिचा जोर ओसरलेला असतो) असेल तर जनावर आत नको.

खळ्यावरचा_सौदा

21 दिवस थांबायचं कुणी? म्हैस बाजारात येते ती मालकाला हौस असते म्हणून नव्हे. चारा संपलेला असतो, सोसायटीचा हप्ता आलेला असतो, नाहीतर घरात लग्न असतं. त्याला फाटकावरून परत पाठवलंत तर तो म्हैस घरी नेईल असं वाटतं का? बाहेर रस्त्याच्या कडेला हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, उभाच असतो. रुमालाखाली बोटं धरली की सौदा झाला, पाच हजारांनी कमी. ना पावती, ना नोंद.

बाजारात निदान पाण्याचा हौद असतो, एखादा पशुधन पर्यवेक्षक असतो, चार लोक जनावराचं तोंड उघडून दात बघतात तेव्हा जिभेवरचा फोडही दिसतो. नियम जितका आवळाल तितका धंदा आडवाटेला जाईल. आधीच वाहतूकदार कुठे कोण अडवेल या भीतीने रात्री आतल्या रस्त्याने जातात. त्यांच्यासाठी तपासणी नाका म्हणजे चुकवायची जागा.

सुई_बदला

वरच्या दोघांनाही एक विचारतो. 2022 आठवा. ऑगस्टमध्ये जळगावच्या रावेर तालुक्यात लम्पी, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग, दिसला आणि सप्टेंबरमध्ये राज्यभरचे गुरांचे बाजार बंद झाले. सगळे. ज्या तालुक्यात एकही गाठ दिसली नव्हती तिथलेसुद्धा. का? कारण कुठलं जनावर कुठून कुठे गेलं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. माग काढता येत नसेल तर सरकारच्या हातात एकच हत्यार उरतं, सगळ्याला कुलूप. मेलेल्या गाईमागे 30,000, बैलामागे 25,000 आणि वासरामागे 16,000 रुपये सरकारी तिजोरीतून गेले. बाजार बंद राहिल्यामुळे बुडालेल्याला मात्र छदाम मिळाला नाही. खळ्यावरचा सौदा म्हणतात तो गरजू शेतकरी तेव्हाही अडकलाच होता.

तेव्हा बिल्ला हवाच. तो नीट मारत नाहीत ही खरी तक्रार आहे. कानाच्या मध्यभागी, दोन शिरांच्या मधल्या जागेत मारायचा, बिल्ल्याचा भोकाचा भाग कानाच्या आतल्या बाजूला. कडेला मारला तर बाभळीच्या कुंपणात अडकून कान फाटतो आणि बिल्ला जातो. घट्ट बसला तर सूज येते, पावसाळ्यात माश्या बसून किडे पडतात. मग मालकच पक्कड घेऊन तो काढतो आणि त्याच्यामागे राहतं बिननंबरी जनावर.

लसीचंही तेच. 2 ते 8 अंशांत ठेवायची हे सगळ्यांना पाठ असतं. पण बाटली थेट बर्फाला टेकून गोठली तरी लाळ्या-खुरकुताची तेलातली लस फुटून निकामी होते, हे विसरतात. त्यात एकच सुई घेऊन आख्खी आळी टोचायची. गावात रोग आधीच शिरलेला असेल तर तीच सुई आणि तेच हात तो दावणीदावणीला पोचवतात.

वाडा_फिरस्ती

गाई-म्हशींवरच बोलताय सगळे. शेळ्या-मेंढ्यांचं काय? लोणंदच्या बाजारात किती कानांत बिल्ला दिसतो ते एकदा बघून या. बकरी ईदच्या आधी मुंबईत देवनारच्या बाजारात राजस्थान, मध्य प्रदेशातून बकरे येतात. त्यातले न विकलेले परत फिरतात किंवा मधल्या बाजारात उतरतात. मेंढीत लाळ्या-खुरकूत सौम्य असतो. दोन-चार लंगडतात, मेंढपाळ म्हणतो काटा रुतला. तोवर तीच मेंढी गावातल्या गोठ्याशेजारून गेलेली असते.

पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग, हा तर त्यांचा काळच. पण त्यावर हाताशी असलेली लस लाळ्या-खुरकुतापेक्षा कितीतरी सोपी आहे. कातडीखाली 1 मिली, एकदाच, आणि निदान तीन वर्षं बघायला नको. चुकतं ते मिसळण्यात. बाटली 100 मात्रांची. द्रावण थंड हवं, मिसळल्यावर बाटली बर्फावर ठेवून दोन तासांत संपवायची. 300 मेंढ्यांचा वाडा (फिरता कळप) आहे म्हणून सकाळीच तीन बाटल्या मिसळल्या तर तिसरी टोचेपर्यंत नुसतं पाणी टोचता. एक संपली की दुसरी मिसळा. आणि हे सगळं वाडा कोकणात उतरायच्या तीन आठवडे आधी व्हावं, वाटेत गाठून नव्हे. दमलेल्या, जंताने पोखरलेल्या मेंढीला लस नीट लागू पडत नाही.

सीमेवरचा_नकाशा

आंतरराष्ट्रीय बाजू कुणीच काढली नाही. लाळ्या-खुरकूतमुक्त विभाग करण्यासाठी केंद्राने जी नऊ राज्यं पुढे आणली, त्यांत महाराष्ट्र आहे. शेजारचे गुजरात, कर्नाटक आणि तेलंगणही आहेत. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड नाहीत. नकाशा समोर ठेवा: रावेर–बऱ्हाणपूर, वरुड–मुलताई, गोंदिया–बालाघाट. ही सीमा उद्या रोगमुक्त विभागाची कड होणार. एरवी कर्नाटकातल्या अथणी, चडचणचा खिल्लार बैल इकडे आला काय किंवा सांगोल्याचा तिकडे गेला काय, विभागाच्या हिशेबाने घरातल्या घरात. पण बऱ्हाणपूरहून आलेली प्रत्येक म्हैस बाहेरची ठरेल.

मुक्त विभाग म्हणजे नुसती टोचणी नसते. रक्ताचे नमुने घेऊन लसीमुळे आलेली प्रतिपिंडं (रोगाशी लढायला रक्तात तयार होणारी प्रथिनं) आणि खऱ्या रोगामुळे आलेली प्रतिपिंडं वेगळी ओळखावी लागतात. लस शुद्ध केलेली असते, तिच्यात विषाणूची ‘असंरचनात्मक’ प्रथिनं, म्हणजे विषाणू अंगात वाढतानाच तयार होणारी, जवळजवळ नसतात. या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली की रोग येऊन गेला, मग मालक काही म्हणो.

खळ्यावरचा_सौदा

आणि त्या मुक्त विभागाचा फायदा कुणाला? निर्यातदाराला. म्हशीचं मांस आजही परदेशात जातंच आहे, लाळ्या-खुरकूत असताना.

सीमेवरचा_नकाशा

जातंय, पण कुठल्या अटींवर ते बघा. हाडं काढलेली, लसिका गाठी काढलेल्या, मांस 2 अंशांच्या वर निदान 24 तास टांगून ठेवलेलं, आणि पाठीच्या लांब स्नायूचा सामू (pH, आंबटपणाचं माप) 6 च्या खाली आलेला. त्या आंबटपणात स्नायूतला विषाणू मरतो, हाडाच्या मगजात आणि गाठीत मरत नाही, म्हणून ते काढायचे. ही अट पाळून ज्यांना विकता येतं ते ठरावीक देश. जास्त भाव देणारे रोगमुक्त देश दारातही उभं करत नाहीत. जिवंत जनावर, रेतमात्रा, दुधाचे पदार्थ, सगळीकडे हाच अडसर. शेतकऱ्याच्या हातात किती पडेल हा वेगळा वाद, तो जरूर घालू. पण खुरकुताने म्हशीचं दूध आटतं, गाभण गाय गाभडते, बैल ऐन पेरणीत बसतो, हे नुकसान निर्यातदाराचं नाही.

दावण_आणि_दाखला (धागाकर्ता)

खळ्यावरचा सौदा यांचा एक मुद्दा मला मान्य. 21 दिवसांचा भार विकणाऱ्यावर टाकला तर तो बाजाराबाहेर विकेल. मग फाटकावर अडवू नका, तारीख तेवढी छापा आणि भार घेणाऱ्यावर टाका. नवीन जनावर 21 दिवस वेगळं बांधायचं. लम्पीच्या दिवसांत 28.

खळ्यावरचा_सौदा

दोन म्हशी, एक पत्र्याचं छप्पर. वेगळं बांधायचं कुठे, देवघरात?

सुई_बदला

लिंबाखाली. हवेतून लागण होते हे खरं, पण लहान गोठ्यात रोग जास्त करून नाकाला नाक, एकच हौद आणि धार काढणाऱ्या हातांनी जातो. तेवढं तोडलं तरी बरंच झालं. नव्या म्हशीची धार शेवटी काढा, बादली वेगळी, उरलेली वैरण जुन्या दावणीत टाकू नका. 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून पाटीत ठेवा आणि पाय बुडवून आत जा. शेण लागलेला बूट तसाच बुडवून उपयोग नाही, आधी घासा. लम्पीला हा सोडा पुरत नाही, तिथे गोचीड आणि चावऱ्या माश्यांचा बंदोबस्त आधी.

पिकअपचंही तेच. आधी पेंढा-शेण खरवडून पाण्याने धुवायचं, मग सोड्याचं पाणी मारून दहा मिनिटं तसंच सोडायचं. बाजाराच्या बाहेर पडताना धुण्याची जागा आणि एक मोटार असेल तर फाटकावरच्या शिक्क्यापेक्षा जास्त काम होईल.

खळ्यावरचा_सौदा

गाडी धुण्याचं मान्य. पाण्याचे पैसे बाजार समितीने द्यायचे, प्रवेश शुल्क घेतात ना. तारखेचं मात्र बघू. तारीख जुनी दिसली की हेडी भाव पाडणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

वाडा_फिरस्ती

पाडू दे की. तारीख ताजी असली की भाव वाढवून मागता येईल. आज लस टोचलेल्या आणि न टोचलेल्या बोकडाचा दर एकच आहे, मग वाड्यावरचा माणूस टोचून घेईल कशाला?