क्रँकचा बोल्ट ढिला, नुसता टाईट करून चालेल का?

प्रश्न: टायमिंग बेल्ट बदलल्यावर गाडी ठीक होती, आता स्टार्टला त्रास, पिकअप गेलाय, आयडलला थरथरते आणि खालून टकटक आवाज येतो. स्कॅनरवर पी००१६ (क्रँक आणि कॅम जुळत नसल्याचा कोड) येतोय म्हणून क्रँक सेन्सर बदलला, फरक शून्य. कव्हर काढलं तर क्रँक पुलीचा बोल्ट हातानेच फिरतोय. टाईट करून चालवू का?

उत्तर १: अजिबात नको!! आणि आता सेल्फ पण मारू नका. बोल्ट ढिला झाला की पुली आणि मागचा स्प्रॉकेट (बेल्ट फिरवणारं दातेरी चाक) क्रँकवर डुलायला लागतात, मग स्प्रॉकेटला क्रँकवर जागच्या जागी धरणारी छोटी धातूची चावी (की) घासते, तिची खाच रुंद होते आणि क्रँकच्या मानाने कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचं) टायमिंग मागेपुढे होतं, पी००१६ त्याचाच. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. इंटरफिअरन्स इंजिन (ज्यात टायमिंग चुकलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या वाटेत येतात) असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला आपटून वाकतील. स्प्रॉकेट काढून खाच आणि क्रँकचं टोक बघा. चावी गेली असेल तर बदलता येते, क्रँकच झिजला असेल तर मात्र काम मोठं.

उत्तर २: काही इंजिनात चावी नसतेच, सगळं नुसत्या बोल्टच्या दाबावर, तिथे क्रँक-कॅम जागेवर धरणारं लॉकिंग टूल लावून टायमिंग नव्याने सेट करावं लागतं. बोल्ट नवा घ्या, बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात. टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे टॉर्क (आवळण्याचा जोर) द्या आणि त्यानंतर मॅन्युअलमध्ये अँगल दिला असेल तर तेवढा आणखी फिरवा. इम्पॅक्ट गनने अंदाजे नको.

प्रश्नकर्ता: चावी अर्धी तुटलीय, क्रँकची खाच शाबूत दिसते. व्हॉल्व्ह वाकलेत का हे कळायला कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) करू का?

उत्तर १: हो, पण आधी टायमिंग जुळवा, मगच.