कॉफीवाल्यांसारखा दाखला आपल्या गुळाला काढावा का?

करवीरकर

सोमवारी रात्री गुऱ्हाळावर आमच्या गटाची बैठक झाली. 28 शेतकरी, बहुतेकांचा ऊस दोन एकराच्या आत. विषय एकच: गुळासाठी गटाचा सेंद्रिय दाखला काढायचा का? निम्मे हो म्हणाले, निम्मे नको. मी हो म्हणणाऱ्यांतला, म्हणून इथं मांडतोय.

कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं आपलं नाव राखलं. पण रानात कुठलं खत पडलं हे पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला त्यावरून कळत नाही.

कॉफीकडं बघा. 1988 साली मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघाची कॉफी हॉलंडमध्ये न्याय्य व्यापाराच्या, म्हणजे शेतकऱ्याला किमान दर देणाऱ्या फेअरट्रेडच्या शिक्क्यानं विकायला लागली. पुढच्याच वर्षी कुठल्या देशानं किती कॉफी विकायची हे ठरवणारी जागतिक कॉफी करारातली कोटा पद्धत मोडली आणि भाव ढासळले. 2001 मध्ये न्यूयॉर्कचा दर पौंडाला 50 सेंटच्याही खाली गेला होता, तेव्हा फेअरट्रेडचा किमान दर सव्वा डॉलरच्या आसपास होता. ज्यांच्याकडं शिक्का होता, त्यांना पाय टेकायला जागा होती. आपल्याला अशी जागा कुठं आहे?

गुऱ्हाळमालक

दादा, निम्मीच गोष्ट सांगितलीत. तो सव्वा डॉलर सगळ्या मालाला मिळाला नाही. शिक्का असूनसुद्धा संघांचा बराचसा माल साध्या बाजारात साध्याच दरानं जातो, कारण त्या दराचं गिऱ्हाईक तेवढं नसतं. तपासणी मात्र सगळ्या रानाची आणि खर्चही सगळ्या रानाचा.

दुसरं, 2023 मध्ये फेअरट्रेडनं अरेबिका जातीच्या कॉफीचा किमान दर वाढवून पौंडाला 1.80 डॉलर केला. 2025 च्या फेब्रुवारीत बाजारच 4 डॉलरच्या वर गेला. अशा वेळी सभासद दारात रोख घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला माल देतो आणि संघाला कबूल केलेलं वजन भरता येत नाही. आपल्याकडं साखर कारखान्याची तोड आधी मिळाली की गुऱ्हाळाला शब्द दिलेला ऊस जातो का नाही? माणूस तोच आहे, पीक वेगळं.

आणि मार्केट यार्डात सौद्याला उभं राहून बघा. व्यापारी रव्याचा, म्हणजे गुळाच्या मोठ्या ढेपेचा, तुकडा काढून उजेडात धरतो. पिवळाधमक असला की बोली चढते. रंग उजळायची पावडर न टाकता भेंडीच्या पाण्यानं रसातली मळी काढलेला गूळ तांबूस, कधी काळपट उतरतो. त्याला हात लावून माणूस पुढच्या ढिगाकडं जातो. हे मी दर हंगामात बघतो आणि दर वेळी जीव तुटतो. त्या रंगाच्या गुळाला आधी गिऱ्हाईक आणा, दाखल्याचं मग बघू.

शिरोळ_ऊस

मालकांशी सहमत. रान सेंद्रिय व्हायला दोन-तीन वर्षं जातात. तेवढ्या काळात उतारा घटतो आणि दर साधाच. सोसायटीचं कर्ज काय थांबतंय होय?

नोंदवहीवाली

मी पन्हाळा तालुक्यातली. हळदीच्या एका गटाची नोंदवही तीन वर्षं लिहिली, म्हणून बोलते. गट नंबर, किती गुंठे, शेणखत किती गाड्या, बेणं कुठलं, शेजारच्या रानात फवारणी झाली ती तारीख. घरोघरी जाऊन लिहायचं. रात्री आठला माणूस रानातनं यायचा, तेव्हा चुलीपुढं बसून त्याला विचारायचं. चाळीस घरं.

दाखला निघाला तो हळद घेणाऱ्या कंपनीच्या नावावर. तिसऱ्या वर्षी कंपनीनं खरेदी थांबवली. दुसऱ्या व्यापाऱ्याकडं गेलो तर तो म्हणाला, कागद दाखवा. कागद आमच्याकडं नव्हताच. शेणखत आमचं, नोंद आमची, आणि दाखला परक्याचा. माझ्या सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी युरियाची पोती आणली. मला त्यांना एक शब्दही बोलता आला नाही.

म्हणून दाखल्याला माझा विरोध नाही, पण तो कुणाच्या नावावर हे आधी ठरवा. युरोपनं सेंद्रिय मालासाठी 2022 पासून लागू केलेल्या नियमात शेतकऱ्यांचा गट स्वतःच कायदेशीर संस्था असावा लागतो आणि सभासद जास्तीत जास्त 2000. आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमातही 2025 मध्ये गटाला कायदेशीर नोंदणीची अट आली. माझ्या मते एवढी एक गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूची झाली आहे. ती सोडू नका.

कृषी_पदवीधर

परदेशात माल पाठवायचा नसेल तर पीजीएस हा सेंद्रिय दाखला आहे की. किमान पाच शेतकऱ्यांचा गट, एकमेकांची रानं एकमेकांनीच तपासायची, बाहेरच्या तपासनिसाची फी नाही. देशातल्या विक्रीला चालतो. निर्यातीला चालत नाही.

गुऱ्हाळमालक

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. गटाची स्वतःची संस्था हवी, हे मला पटलं. तरी एक गोष्ट कुणीच बोलत नाही. रान सेंद्रिय झालं, पण रस उकळायची काहील? माझ्या गुऱ्हाळावर दिवसभर दहा जणांचा ऊस येतो. आधीच्या आदणाच्या रसाला पावडर टाकली असेल तर तीच काहील, गूळ निववायचे तेच वाफे, तेच साचे. सेंद्रिय मालाला गुऱ्हाळाचीही तपासणी लागते आणि माल वेगळा ठेवल्याची नोंद लागते. ते ओझं माझ्यावर येणार.

करवीरकर

खरं आहे, काहिलीचा विचार आम्ही केलाच नव्हता. ताईंचंही मान्य. गटाची संस्था नोंदवल्याशिवाय अर्ज करायचा नाही, हे येत्या सोमवारी मांडतो. पहिली दोन वर्षं पीजीएसवर राहू आणि गूळ किलोच्या ढेपांत थेट घरोघरी देऊ. सौद्यात तो रंगावर हरणारच. पण दाखला नकोच, हे मला अजूनही पटत नाही. कॉफीवाल्यांचा सगळा माल त्या दरानं गेला नसेल, पण जो गेला त्याचा भाव आधी ठरलेला होता. आमच्यातल्या एकालाही आज सकाळी माहीत नसतं की संध्याकाळी रव्याला काय मिळणार.

मालक, तुमचं ओझं कसं हलकं करता येईल ते तुम्हीच सांगा.

गुऱ्हाळमालक

दसऱ्यानंतर चुलवाण पेटेल. पहिले चार दिवस दुसऱ्या कुणाचा ऊस घेत नाही. काहील, वाफे, साचे घासून देतो, त्यात तुमचा 28 जणांचा बसतो का बघा. भेंडी तुमची तुम्ही आणा. दाखल्याच्या खर्चात मात्र माझा वाटा धरू नका.